गोळी स्वस्त, रजा महाग

डोकेदुखीला श्रमिकांच्या जगात आजाराचा दर्जा कधीच मिळालेला नाही. ताप मोजता येतो, जखम दाखविता येते, क्षयाचा डाग क्ष-किरणांच्या चित्रात उमटतो. डोके दुखते याला मात्र दुखणाऱ्याच्या शब्दाखेरीज दुसरा पुरावा नसतो, आणि कामगाराच्या शब्दाला हजेरीपटावर किंमत नसते. म्हणून ज्या व्यथेसाठी कचेरीतला वरिष्ठ अधिकारी खिडक्यांचे पडदे ओढून घरी पडून राहू शकतो, त्याच व्यथेसाठी यंत्रमागावरचा माणूस चहाच्या घोटाबरोबर एक गोळी गिळतो आणि पुन्हा मागावर उभा राहतो. खाडा झाला तर रोज बुडतो. गोळी चार-दोन रुपयांत मिळते. हा हिशेब कामगाराला कुणी शिकवावा लागत नाही.

परंतु या हिशेबात एक रक्कम लपलेली आहे, आणि ती काही महिन्यांनी व्याजासह वसूल होते. डोकेदुखीवर वारंवार घेतलेली वेदनाशामक गोळीच पुढे डोकेदुखीचे कारण बनते. ही गोष्ट सांगितली की ऐकणाऱ्याला ती थट्टा वाटते. आग विझविण्यासाठी ओतलेल्या पाण्यानेच आग भडकते असे कुणी म्हणावे, तसे ते वाटते. तथापि वैद्यकशास्त्राला हे आज-काल कळलेले नाही. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या पीटर्स आणि हॉर्टन या डॉक्टरांनी १९५१ सालीच अर्धशिशीवरील अर्गोटामीन या औषधाच्या अतिवापराने होणाऱ्या डोकेदुखीचे वर्णन प्रसिद्ध केले होते. १९८८ मध्ये डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात औषधांमुळे होणाऱ्या डोकेदुखीला स्वतंत्र जागा मिळाली, आणि २००४ च्या दुसऱ्या आवृत्तीत तिला ‘औषधाच्या अतिवापराची डोकेदुखी’ हे आजचे नाव मिळाले. म्हणजे डॉक्टरांना ती सत्तर वर्षांहून अधिक काळ ठाऊक आहे. जिच्या पोटात गोळी जाते त्या विडी कामगार बाईला आणि जो ती गोळी विकतो त्या टपरीवाल्याला ती ठाऊक नाही, इतकेच.

हा आजार ओळखावयाचा कसा? येथे यंत्राची, तपासणीची, रक्ताच्या अहवालाची गरज नाही. गरज आहे ती मोजणीची. महिन्यातील पंधरा किंवा अधिक दिवस डोके दुखते काय? तीन महिन्यांहून अधिक काळ गोळ्या चालू आहेत काय? साधी एकेरी गोळी, म्हणजे नुसते पॅरासिटामॉल, अॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन, महिन्यातील पंधरा वा अधिक दिवस घेतली जाते काय? आणि गोळी एकाहून अधिक औषधांचे मिश्रण असेल, त्यात कॅफीन, कोडीन किंवा अर्गोटामीन असेल, किंवा अर्धशिशीवरील ट्रिप्टान वर्गातील औषध असेल, तर मर्यादा पंधरा नव्हे, दहाच दिवसांची आहे. येथे गोळ्यांची संख्या मोजावयाची नसून दिवस मोजावयाचे असतात. एका दिवशी दोन गोळ्या घेऊन आठवडाभर न घेणारा माणूस या खड्ड्यात सहसा पडत नाही. ‘मी फार घेत नाही, दिवसाला एकच घेतो’ असे अभिमानाने सांगणारा हमखास पडलेला असतो.

बाकीच्या खुणा ज्याच्या त्याला आठवतील. सकाळी डोळे उघडताच कपाळ जड असते. गोळीने पूर्वी दिवसभर उतार पडत असे, आता तीन-चार तास पडतो. मग गोळी बदलली जाते. पिवळ्या पाकिटाऐवजी लाल पाकीट, शेजारणीने सांगितलेली ‘भारी’ गोळी. अर्धशिशीची जुनी ओळखीची कळ, जी महिन्यातून दोनदा येऊन जात असे, ती आता रोजच्या मंद ठणक्यात विरघळून गेलेली असते. आणखी एक खूण फार बोलकी आहे: दुखणे नसतानाही ‘दुखेल’ या धास्तीने पाळीवर जाण्यापूर्वी गोळी घेतली जाते. हा आजार मुळात ज्यांना अर्धशिशी किंवा ताणाची डोकेदुखी आहे त्यांनाच जडतो. ज्याला डोकेदुखीची खोड नाही आणि जो केवळ गुडघ्यासाठी गोळ्या घेतो त्याला तो सहसा होत नाही. पुरुषांपेक्षा स्त्रियांत तो कितीतरी अधिक आढळतो. कारखान्यातली पाळी संपल्यावर घरातली पाळी जिची सुरू होते, तिला पडून राहण्याची सोय दोन्हीकडे नसते, हे येथे विसरू नये.

आता वादाचा मुद्दा. वृत्तपत्रांच्या आरोग्यविषयक पुरवण्यांत या विषयावर जे काही छापले जाते, त्याचा सूर ठरलेला असतो: लोक अडाणी आहेत, डॉक्टरांना न विचारता गोळ्या खातात, त्यांनी योगासने करावीत, पाणी प्यावे, वेळेवर झोपावे. वेळेवर झोपावे! भिवंडीत आणि मालेगावात बारा-बारा तासांच्या पाळ्या मागांच्या खडखडाटात काढणाऱ्यांना, आठवड्याआड दिवसपाळी-रात्रपाळी बदलणाऱ्यांना हा उपदेश करण्यास निर्लज्जपणाच हवा. झोपेची मोडतोड, अर्धपोटी काम, उष्मा, आवाज आणि ताण ही अर्धशिशीला चेतविणारी कारणे आहेत असे वैद्यकाची पुस्तकेच सांगतात. आणि नेमकी हीच कारणे उत्पादनाची अट म्हणून कामगारावर लादली जातात. म्हणून अडाणीपणाचा हा सिद्धान्त खोटा आहे. गोळीच्या मागे कामाचा वेग उभा असतो, आणि याला इतिहासाची साक्ष आहे.

स्वीडनमध्ये व्हेटर्न सरोवराच्या काठी हुस्कवार्ना नावाचे कारखान्याचे गाव आहे. बंदुका, शिवणयंत्रे, मोटारसायकली तेथे तयार होत. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत तेथील योर्टन नावाच्या डॉक्टराने फेनासिटिन, फेनाझोन आणि कॅफीन यांची एक पूड रुग्णांना दिली. साथ ओसरली, पूड राहिली. थकवा जातो, हात चालतो, कामाचा वेग टिकतो म्हणून कामगार ती रोज घेऊ लागले. पुढे पुढे तर वाढदिवसाला पुडीची पाकिटे भेट म्हणून दिली जाऊ लागली! पुडीचा अंमल उतरला की डोके दुखे, डोके दुखले की पुडी घेतली जाई. कॅफीनची सवय लागलेल्या शरीराला ते न मिळाल्यास डोके दुखतेच. वेदनाशामकाच्या सोबत कॅफीन घालण्याने व्यापाराला कोणते गिऱ्हाईक मिळते हे यावरून समजावे. ही साखळी चाळीस वर्षे चालली आणि तिचा शेवट केवळ डोक्यापाशी झाला नाही. फेनासिटिनने मूत्रपिंडे निकामी होऊन माणसे मरू लागली. ग्रिमलुंड या डॉक्टराने या कारखान्यातील मूत्रपिंडविकाराचा अभ्यास १९६३ मध्ये प्रसिद्ध केला. त्याआधी १९६१ मध्ये स्वीडनने फेनासिटिनची खुली विक्री बंद केली होती.

स्वित्झर्लंडमध्ये हेच घड्याळांच्या कारखान्यांत घडले. दिवसभर भिंगातून इवल्याशा चाकांकडे पाहत बसणाऱ्या कामगार स्त्रियांना डोकेदुखीच्या गोळ्यांचा आधार होता. मूत्रपिंडविकार आणि वेदनाशामके यांचा संबंध १९५३ साली दाखविला तोही स्विस डॉक्टरांनीच. पुढे डुबाख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ पासून फेनासिटिन घेणाऱ्या सहाशेहून अधिक नोकरदार स्त्रियांचा आणि न घेणाऱ्या तितक्याच स्त्रियांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. घेणाऱ्यांत मूत्रपिंडाचे विकार आणि मृत्यू यांचे प्रमाण अधिक निघाले. ऑस्ट्रेलियात ‘बेक्स’ आणि ‘व्हिन्सेन्ट्स’ या पुड्या गृहिणींना आणि कामगार स्त्रियांना दिवसाचा शीण घालविण्याचा उपाय म्हणून जाहिरातींतून विकल्या गेल्या. तेथे फेनासिटिन सत्तरीच्या दशकात हटले. तीन देश, तीन भाषा, तिन्ही ठिकाणी शाळा शिकलेले कामगार. अडाणीपणाने हे झाले असे म्हणणाऱ्यांनी स्विस घड्याळजींना अडाणी ठरवून दाखवावे.

भारताने फेनासिटिनवर १९८३ मध्ये बंदी घातली. पण फेनासिटिन गेले म्हणून पद्धत गेली असे नाही. २०१९ मध्ये थॉमसन रॉयटर्स फाउंडेशनच्या पत्रकारांनी तामिळनाडूतील तयार कपड्यांच्या उद्योगातील सुमारे शंभर कामगार स्त्रियांशी बोलून जे प्रसिद्ध केले ते वाचण्यासारखे आहे. पाळीच्या दिवसांत पोट दुखू लागले की पर्यवेक्षक या मुलींना गोळ्या देत. गोळ्यांवर ना नाव, ना मुदतीची तारीख, ना दुष्परिणामांची सूचना. तेथे प्रश्न डोकेदुखीचा नव्हता हे खरे. पण दुखण्याला विश्रांती द्यावयाची नाही, गोळी द्यावयाची. आणि गोळी दिली ती मुलीला बरे वाटावे म्हणून नव्हे, यंत्र थांबू नये म्हणून, हा न्याय हुस्कवार्नाचाच आहे. फरक एवढाच की हुस्कवार्नाच्या कामगाराला आपण काय घेतो हे निदान ठाऊक होते.

औषधांच्या बाजाराकडे पाहिले तर चित्र अधिकच स्पष्ट होते. १९७५ साली हाथी समितीने आवश्यक औषधांवर भर देण्याची आणि व्यापारी नावांऐवजी मूळ नावे रूढ करण्याची शिफारस केली होती. तिचे काय झाले हे कोणत्याही औषधाच्या दुकानासमोर दोन मिनिटे उभे राहिले तरी कळते. डोकेदुखीसाठी सर्वांत जास्त खपतात त्या मिश्रणाच्या गोळ्या: पॅरासिटामॉल, त्यात कॅफीन, त्यात प्रॉपिफेनाझोन, किंवा अर्गोटामीन, कॅफीन, पॅरासिटामॉल आणि वर उलटीचे औषध, सारे एकाच गोळीत. म्हणजे ज्यांची मर्यादा महिन्याला दहा दिवस, नेमक्या त्याच. केंद्र सरकारने मार्च २०१६ मध्ये ३४४ मिश्रणांवर बंदी घातली, ती त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयात टिकली नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये पुन्हा ३२८ मिश्रणांवर बंदी आली. त्यांत ‘सॅरिडॉन’ होती. काही दिवसांतच सर्वोच्च न्यायालयाने तिच्या विक्रीस परवानगी दिली आणि २०१९ मध्ये ती बंदीच्या कक्षेबाहेर पडली. तिच्या बाजूचा मुद्दा असा होता की ही मिश्रणे १९८८ पूर्वीपासून बाजारात आहेत. जुनेपणा हा निर्दोषपणाचा पुरावा होऊ लागला तर फेनासिटिनही आज सन्मानाने विकले गेले असते.

कायद्याने पाहू जाता हजाराहून कमी वस्तीच्या खेड्यात साधे पॅरासिटामॉल आणि अॅस्पिरिन विनापरवाना विकण्याची सवलत आहे, आणि दवाखाना नसलेल्या वस्तीला ती हवीही. परंतु पान-टपरीवर तंबाखूच्या पुड्यांशेजारी लटकणारी मिश्रणाची पाने या सवलतीत बसत नाहीत. त्या गोळ्यांच्या पानावर ‘महिन्यातून दहा दिवसांहून अधिक घेतल्यास हीच गोळी डोके दुखवील’ अशी एक ओळ मराठीत छापण्यास कंपन्यांना किती शाईचा खर्च येणार आहे? ती ओळ छापली जात नाही, कारण तिने खप घटेल. कर्नाटकात झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत अशा औषधी डोकेदुखीचे प्रमाण शेकडा एकाहून किंचित अधिक आढळले. आकडा लहान दिसतो. हजार कामगारांच्या कारखान्यात तो दहा-बारा माणसांचा होतो, आणि रोज डोके दुखत असलेली ही दहा-बारा माणसे कोण, हे त्यांच्या संघटनेला सांगता येत नाही.

येथे चळवळीतल्या साथींनाही दोन शब्द ऐकविणे भाग आहे. ‘डोकेदुखी भांडवलशाहीची आहे, ती गेली की हीही जाईल’ असे म्हणून विषय संपविणारे कार्यकर्ते भेटतात. घोषणा म्हणून ते ठीक. पण समाजरचना बदलेपर्यंत शिलाईच्या यंत्रावर बसलेल्या बाईने रोज सकाळी दुखऱ्या कपाळाने उठावे काय? सिलिकोसिसबद्दल, कापसाच्या धुळीबद्दल ज्या चळवळी झाल्या त्यांनी क्रांतीची वाट पाहिली नव्हती. डोकेदुखीची टर उडविली जाते याचे खरे कारण, ती बायकांची तक्रार समजली जाते, हे आहे. आणि सभांमध्ये स्त्री-पुरुष समतेचे ठराव करणाऱ्यांच्या तोंडीही ‘तिचे नेहमीचेच आहे’ हे वाक्य सहज येते.

मुख्य गोष्ट उपचाराची आहे, आणि संघर्षाचा विषय तेथेच सुरू होतो. या आजारावरचा उपचार जवळजवळ फुकट आहे: गोळी थांबविणे. नॉर्वेमध्ये २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सामान्य डॉक्टरांनी रुग्णांना काही मिनिटे नीट समजावून सांगितले की ही गोळीच तुमचे डोके दुखविते आहे. एवढ्यानेच सुमारे निम्म्या रुग्णांची जुनाट डोकेदुखी हटली. मूळची अधूनमधून येणारी अर्धशिशी राहते. तिच्यासाठी प्रोप्रॅनोलॉल, अमिट्रिप्टिलीन अशी जुनी, स्वस्त, प्रतिबंधक औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याने घेता येतात. पण गोळी सोडल्यानंतरचे पहिले दोन ते दहा दिवस कठीण जातात. डोके पूर्वीपेक्षा अधिक दुखते, मळमळते, झोप उडते, जीव कासावीस होतो. त्यानंतर उतार पडू लागतो आणि पुष्कळांना दोन महिन्यांत फरक कळतो. म्हणजे या रोगाला लागणारे औषध आठ-दहा दिवसांची विश्रांती हे आहे. नॉर्वेच्या कामगाराला आजारपणाची पगारी रजा असते, म्हणून तेथे डॉक्टरांचे चार शब्द पुरतात. येथे तेच चार शब्द रोजंदारीवरच्या माणसाला सांगणे म्हणजे ‘दहा दिवसांची चूल बंद ठेव’ असे सांगणे होय. तो डॉक्टरांपुढे मान हलवितो आणि बाहेर पडून गोळी घेतो, यात त्याचे काय चुकले?

विम्याचे कवच असलेल्या कामगाराचीही गत फारशी वेगळी नव्हती. १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने आजारपणाच्या भत्त्यासाठी पहिल्या दोन दिवसांची प्रतीक्षा घातली: त्या दोन दिवसांचे पैसे मिळावयाचे नाहीत. अर्धशिशीचा झटका बहुधा तीन दिवसांच्या आत ओसरतो. म्हणजे जो आजार एक-दोन दिवसांचा, त्याला कायद्यात भरपाई नाही, आणि त्याच एक-दोन दिवसांना टाळण्यासाठी कामगार गोळी घेतो. कायदा करणाऱ्यांनी खोट्या रजांचा बंदोबस्त केला. खऱ्या गोळ्यांचा हिशेब त्यांच्या मनातही आला नसावा. यंत्रमागांवरील आणि घरी विड्या वळणाऱ्या बहुसंख्यांच्या वाट्याला तर भत्त्याची ही अर्धीमुर्धी सोयही येत नाही.

कार्यकर्त्यांनी हे सांगताना एक सावधगिरी मात्र बाळगावी. प्रत्येक डोकेदुखी गोळीचीच असते असा नवा भ्रम पसरवू नये. एकाएकी, आयुष्यात कधी दुखले नव्हते असे भयंकर डोके दुखले. सोबत ताप आणि मान ताठ झाली. हात-पाय लुळा पडला, बोलणे अडखळले, दिसेनासे झाले. डोक्याला मार लागल्यावर दुखू लागले. गरोदर किंवा बाळंतीण स्त्रीचे डोके अचानक दुखू लागले. पन्नाशीनंतर प्रथमच नवी डोकेदुखी जडली, तर मोजणी करत न बसता रुग्णालय गाठावे. कोडीन, ट्रॅमाडॉल किंवा झोपेच्या गोळ्यांची सवय असलेल्याने त्या स्वतःच्या मनाने एकदम सोडू नयेत. हृदयविकारासाठी डॉक्टरांनी दिलेली रोजची अॅस्पिरिन या हिशेबातली नाही, ती बंद करू नये.

एवढे सांभाळून जे करावयाचे ते अवघड नाही. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर, दूध आणि गॅस सिलिंडरच्या खुणा जिथे होतात तिथेच, डोके दुखले त्या दिवशी एक फुली आणि गोळी घेतली त्या दिवशी एक गोल, असे तीन महिने चालवावे. महिन्यात दहा गोल भरले की ते पान घेऊन सरकारी दवाखान्यात जावे. बोलून न पटणारे डॉक्टरही कागद पाहून थांबतात. कारखान्यात प्रथमोपचाराच्या पेटीतून कोणत्या गोळ्या, किती आणि कुणाच्या हातून दिल्या जातात याची नोंदवही संघटनेने मागावी. ज्या खात्यात गोळ्या अधिक खपतात त्या खात्यात उष्मा, आवाज, उजेड किंवा कामाचा वेग यांपैकी काहीतरी बिघडलेले असणार. ही नोंदवही तपासनिसाच्या अहवालापेक्षा खरे बोलेल. आणि पुढच्या मागणीपत्रकात, गणवेश आणि कँटीनच्या कलमांच्या शेजारी, आणखी एक कलम घालावे: सरकारी डॉक्टरांच्या प्रमाणपत्रावर वेदनाशामके सोडविण्यासाठी वर्षातून एकदा दहा दिवसांची भरपगारी रजा, आणि आजारपणाच्या भत्त्याला पहिल्या दिवसापासून सुरुवात. मालक विचारतील, डोकेदुखीसाठी दहा दिवस? त्यांच्यापुढे तेव्हा दिनदर्शिकांची ती पाने ठेवावीत.